स्तोयनाबाईंचे पट्टे

स्तोयना गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने, मेतोदीने, रीतीप्रमाणे तिचा फोटो छापलेले निधनाचे कागद चिकटवले. एक दारावर, एक बेकरीपाशी आणि एक बसथांब्याच्या खांबावर. हा थांबा पार रस्त्याच्या मध्ये. तिथे जायचं तर आधी सायकली चुकवायच्या, मग बस. तिथे रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आखा म्हणून बाईने सात वर्षं पालिकेला अर्ज करकरून भंडावलं होतं. गुडघे दुखायचे तिचे. रोज मेतोदीचं कोपर धरून, साऱ्यांना शिव्या घालत ती रस्ता ओलांडायची.

तिसऱ्या दिवशी खांबापाशी फुलं आली, मग मेणबत्त्या. बसवाले दबकत येऊ लागले, सायकलवाले उतरून चालू लागले. मेतोदीला काही उमगेना.

"माफ करा, आजोबा," कामेन नावाचा सायकलवाला गहिवरून म्हणाला. "मीही त्यांना रोज कट मारायचो. खांबावर फोटो पाहिला त्यांचा. इथे आमच्यातल्याच कुणी उडवलं ना त्यांना?"

मेतोदीला हुंदका फुटला. कामेनला वाटलं, हो म्हणाले. झालं! त्याने दोनशे सह्या गोळा करून पालिका गाठली. महिन्याभरात इंजिनियर रालित्साबाई फाइल घेऊन मेतोदीच्या दारात.

"आजोबा, अपघात नेमका कुठे झाला?"

"कसला अपघात? ती आमच्या स्वयंपाकघरात गेली. मिरच्या भाजता भाजता. हृदय बंद पडलं."

रालित्साबाईचं पेन थांबलं. "म्हणजे रस्त्यात कुणीच मेलं नाही?"

"नाही, बाई. मेल्याशिवाय पट्टे मिळत नाहीत का?"

तिने मान खाली घातली. "पट्ट्यांचा हुकूम कालच सुटलाय. आता तो रद्द करायला मला दुरुस्तीचा कागद पाठवावा लागेल."

मेतोदीचे डोळे भरून आले. बायकोची सात वर्षं त्याने एका वाक्यात पाण्यात घातली होती. 'उघडलंस तोंड? मुलखाचा भोळसट!' ती असती तर हेच म्हणाली असती, आणि ते म्हणायलाही आता ती नव्हती.

"रडू नका, आजोबा," रालित्साबाई फाइल बांधत म्हणाली. "बाईंचे अर्ज ज्या टेबलावर पडले होते ना, त्याच टेबलावर जाईल माझा कागद. वाचायला सात वर्षं तरी लागतील."

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी पट्टे ताजे होते. साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाची ताटली घेऊन, रीतीप्रमाणे तिच्या नावाने थांब्यावर वाटायला म्हणून, मेतोदी फुटपाथच्या कडेला आला. सायकली थांबल्या, कामेनही थांबला. मागे बस थांबली. मेतोदीने सवयीने कोपर पुढे केलं.

"चल गं," तो म्हणाला, आणि ती कोपर धरेल म्हणून उभा राहिला.

बराच वेळ उभा राहिला. एकानेही घंटी वाजवली नाही.