ठोंबऱ्यांची पोलादी हाडं

आमच्या सेक्टर दोनमधले शेजारी ठोंबरे भाऊजी कुणाला नमस्कार करत नसत. "कॅल्शियम घेतलं काय?" एवढंच विचारत. नाही म्हटलं की खिशातून गोळी निघालीच! माझ्या सासूबाई तर त्यांना पाहून दार लोटून घ्यायच्या.

भाऊजी पोलादाच्या प्लांटात भट्टीवर होते. "वहिनी, चुनखडी टाकल्याबिगर भट्टीतलं लोखंड साफ होते काय? मंग मानसाले कावून नाही पाहिजे?" म्हणून रोज दह्यात चुना, वर मूठभर गोळ्या, शिवाय खुर्सीपार वस्तीतल्या दुकानातून आणलेल्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या. घरी बायको, शांताबाई, अर्धांगवायूनं खाटेवर. मूलबाळ नाही. तिला उठवणं, न्हाऊ घालणं हेच करत. "माह्यं हाड मोडलं तर हिले कोन उचलीन?" हा एकच घोर.

त्या उन्हाळ्यात भाऊजींना भयंकर तहान सुटली. माठ संपे, तहान संपेना. पोट साफ होईना, अन्न जाईना. अशक्तपणा आला म्हणून या शहाण्यानं गोळ्या आणखी वाढवल्या! एका सकाळी मलाच विचारलं, "तुमी कोन?" आमच्या ह्यांनी त्यांना तसंच स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं.

रक्त तपासलं, तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "आधी हे सगळं बंद. नाहीतर किडन्या जातील, हृदयही दगा देईल." सलाईन लागलं. गळ्यातल्या ग्रंथीचा दोष असेल, कुठे गाठ असेल, म्हणून आणखी तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. शांताबाई खाटेवरून सारखं विचारत, "आले काय ते?" काय सांगणार, कपाळ! मी त्यांना उचलून बसवत होते आणि मनातल्या मनात भाऊजींना शिव्या घालत होते.

रिपोर्ट चांगले आले. ना ग्रंथी, ना गाठ. सगळा प्रताप चुन्याचा, गोळ्यांचा आणि पुड्यांचा. हळूहळू कॅल्शियम उतरलं, भाऊजी भानावर आले. मी डबा घेऊन गेले ती भांडायच्या तयारीनंच. "आता गोळीले हात लावला तर पाहा!"

"नाही लावत, वहिनी." मग म्हणाले, "तिले तुमीच उचलून राहिल्या ना? कसं उचलता?"

"काखेत हात घालून. अजून कसं?"

भाऊजी कासावीस झाले. सलाईनच्या नळीसकट उठायलाच लागले.

"तसं नोका उचलू, वहिनी. तिचा डावा खांदा लय दुखते. ती सांगत नाही कोनाले."