खिंडीतला बॅनर

एका जंगलात सगळ्यांची पोटं भरलेली होती. पोट भरलं की निसर्ग आठवतो, बाळांनो. तसा तो दाजीसाहेब रानडुकरांना आठवला.

"बर्फाच्या डोंगरात जायचं! आठवडाभर चालायचं! आपलं ओझं आपल्याच पाठीवर!" दाजीसाहेब गरजले. "निसर्गाशी एकरूप व्हायचं!"

एकरूप व्हायचं म्हणून आधी बॅनर छापला. 'डोंगरवेडे मित्रमंडळ' असं खाली बारीक, आणि वर दाजीसाहेबांचं हे एवढं थोबाड.

सोबत निघाला रंगराव कोल्हा. तो दाजीसाहेब जातील तिथं जायचा. आणि निघाली ससुली. तिनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. तिला तो एकदा हातात घ्यायचा होता, बस्स. हसू नका रे, हौस असते एकेकाची.

चढ लागला आणि दोन्ही वीर धापा टाकायला लागले.

"ओझं कमी करा," दाजीसाहेब म्हणाले. "तंबू तरी टाका, नाहीतर बॅनर तरी."

"तंबूच टाकू, साहेब. आभाळ कसं निरभ्र आहे!" रंगराव म्हणाला.

"अहो, पण राहायचं कशात?" ससुलीनं विचारलं.

"अगं वेडे," दाजीसाहेब म्हणाले, "बॅनर टाकला तर आपण आलो होतो हे कळणार कुणाला?"

तंबू दरीत गेला. जन्म जंगलात काढून आभाळावर विश्वास ठेवतात मेले!

वरच्या खिंडीत पोचले आणि गारा सुरू झाल्या. मग बर्फ. ससुलीनं मूठभर बर्फ उचलला, हरखून हसली. थोड्या वेळानं तिचं हसू थांबलं.

"दाजीसाहेब, मला त्या बॅनरमध्ये गुंडाळा हो. हातपाय बधिर झालेत."

"गुंडाळू की! आम्ही काय राक्षस आहोत? आधी एक फोटो होऊ दे. तूच काढ. तू बुटकी, तशीही दिसणार नाहीस."

ससुलीनं फोटो काढला. त्यात दाजीसाहेबांचे डोळे मिटले होते. पुन्हा काढला. त्यात रंगरावाची शेपटी बॅनरवरच्या साहेबांच्या थोबाडावर आली. मग वाऱ्यानं बॅनरच उलटा झाला.

"नीट धर गं! हात काय हलवतेयस?"

शेवटी एक फोटो झकास आला.

"दाखव, दाखव!" दोघं धावले. ससुली हलली नाही. कॅमेरा हातात तसाच होता. ती गेली होती.

तेव्हा कुठं तिच्या अंगावर बॅनर आला.

"नशीब एकेकाचं," रंगराव म्हणाला, आणि बॅनरची घडी पडणार नाही अशी काळजी घेतली.

परत आल्यावर चौकात नवा बॅनर लागला. 'कै. ससुली हिस भावपूर्ण श्रद्धांजली.' वर खिंडीतला तोच फोटो. दाजीसाहेब, रंगराव, मागे बर्फ.

ससुलीची आई आली. बॅनर वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"साहेब, माझी पोर कुठंय यात?"

"बाई, असं काय करता?" दाजीसाहेब बॅनरकडे बोट दाखवत म्हणाले. "हा फोटो तिनंच तर काढलाय!"

तात्पर्य : डोंगरात जाताना तंबू नेऊ नका. तंबूनं फार तर जीव वाचतो. जिवंत सशाच्या नावाचा बॅनर चौकात कुणी लावलाय का?