आबा मावतील अशी गाडी

इंगवले कुणाच्याही गाडीत बसले की आधी डोक्यावर हात उभा धरून छपरापर्यंत किती जागा आहे ते बघत. मग मान हलवून म्हणत, "यात आबा मावायचे न्हाईत." जर्मनीत ते काम शिकत होते त्या कारखान्याच्या डायरेक्टरने एकदा कौतुकाने त्यांना आपल्या नव्याकोऱ्या गाडीतून घरी सोडलं. तेव्हाही इंगवल्यांनी हात उभा केला आणि त्या भल्या माणसाला मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की गाडी झकास आहे, पण वडील मावणार नाहीत. हिंदुस्थानात माणसं केवढी उंच असतात, असं डायरेक्टरने घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार.

आबा उंच नव्हते. माझ्याएवढेच होते, असं इंगवले सांगत. उंच होता तो त्यांचा फेटा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी स्टुटगार्टला इंजिनियरिंग शिकत होतो आणि इंगवले मोटारींच्या एका कारखान्यात फिटरचं काम शिकायला आले होते. फ्राऊ केलर नावाच्या बाईंकडे आम्ही दोघं भाड्याने राहायचो. मी पुण्याचा, ते कोल्हापूरकडचे, तेव्हा आमचं पटण्याचं तसं काही कारण नव्हतं. पण परमुलखात चहा करणारा आणि मराठी बोलणारा माणूस एकच असला की पटवून घ्यावं लागतं.

फ्राऊ केलरचा नवरा लढाईवरून परतलाच नव्हता. त्याची मागच्या अंगणातली वर्कशॉपची शेड बाई अजून दर आठवड्याला झाडून ठेवत. इंगवल्यांनी तिथे भंगारातून एक लढाईच्या आधीची गाडी ओढून आणली. शेजारच्या अंगणात जिम नावाचा, तिथल्या छावणीतला एक अमेरिकन सार्जंट आपल्या गाडीशी खटपट करायचा. त्याचा छंद असा, की जुन्या गाडीत दांडगं इंजिन बसवायचं आणि छपराचे खांब मधून कापून छप्पर खाली आणायचं. गाडी जितकी बसकी तितकी ऐटदार. इंगवल्यांनी त्याच्याकडून कापणं शिकून घेतलं, जोडणं शिकून घेतलं, दांडगं इंजिनही बसवलं, आणि छप्पर मात्र वर नेलं. जिमच्या खांबांतून निघालेले तुकडे कानशीने घासून आपल्या खांबांत जोडले. जिमने कपाळाला हात लावला. फ्राऊ केलर म्हणाल्या, "आल्झो, असं असेल तर मग गाड्याच बदलून घ्या की. एवढी कापाकापी कशाला?"

टांग्याला इंजिन लावल्यासारखी ती गाडी दिसायला लागली. मी तसं तोंडावर सांगितलंही. पुणेकराला गप्प बसवत नाही. इंगवले रागावले नाहीत. म्हणाले, "टांग्यात मान ताठ ऱ्हाती, जोशी."

मग त्यांनी सांगितलं. आबांनी उभा जन्म एका छोट्या संस्थानिकाची मोटार चालवली. ती उघडी होती तोवर ठीक होतं. पुढे सरकारांनी बंद गाडी घेतली. "सरकारांम्होरं बोडक्यानं बसायची सोय न्हाई. फेटा पायजेच. आन फेटा बांधला की वर छप्पर." आबा मान वाकवून गाडी हाकायचे. पुढे संस्थान गेलं, सरकारही गेले, पण कुठल्याही मोटारीत पाय ठेवला की आबांची मान आपोआप खाली जायची. लेकाला बोटीवर पोचवायला मुंबईला आले, तेव्हा टॅक्सीतही ड्रायव्हरशेजारी वाकूनच बसले. "ल्हान असताना इचारायचो, आबा, मान दुखती का? म्हणायचे, न्हाई रं."

तर बेत असा होता, की गाडी बोटीत घालून न्यायची. आबांना एकदा तरी मागच्या सीटवर सरकारांच्या जागी बसवायचं, फेट्यासकट, ताठ मानेनं, आणि जोतिबाचा डोंगर चढायचा. दांडगं इंजिन त्याच्यासाठी होतं.

माप मात्र माझं होतं. दर रविवारी इंगवले स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधत, मला मागे बसवत आणि फेट्याच्या वर बोटं घालून बघत. मी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा बसून राही, आणि खिडकीत फ्राऊ केलर पदर नसल्यामुळे ॲप्रनने तोंड झाकून हसत. अखेर एका रविवारी इंगवले म्हणाले, "दोन बोटं शिल्लक. मावले आबा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तार आली. आबा गेले होते.

इंगवल्यांनी ती दारातच वाचली, माझ्या हातात दिली आणि शेडकडे गेले. मी मागोमाग गेलो, तर आत हातोडीचा आवाज. फ्राऊ केलरनी कॉफी आणून ठेवली. मला राहवलं नाही. "इंगवले, आता कुणासाठी?" असं मी विचारलं आणि विचारताक्षणीच मला फार वाईट वाटलं. ते मान वर न करता म्हणाले, "काच ऱ्हायलीया बसवायची."

काच बसली, रंग लागला. वसंतातल्या एका रविवारी ते फेटा घेऊन माझ्या खोलीत आले. "चला." मी एरवी काहीतरी बोललो असतो, त्या दिवशी निमूट डोकं पुढे केलं. त्यांनी नेहमीपेक्षा निगुतीने फेटा बांधला, मागचं दार उघडून बाजूला अदबीने उभे राहिले, आणि मी बसल्यावर दार हलकेच लावलं.

गावालगतच्या डोंगराच्या दगडी चढाला लागलो आणि फेटा पहिल्यांदा छपरावर आपटला. मग पुन्हा. वर्षभर आम्ही मापं घेतली होती ती अंगणात उभ्या गाडीत. चालत्या गाडीत माणूस उसळतो, हे दोघांच्याही, मी इंजिनियरिंग शिकत असूनही, डोक्यात आलं नव्हतं.

"लागतंय का वर?" इंगवल्यांनी आरशातून विचारलं.

"नाही. भरपूर जागा आहे," मी म्हणालो, आणि गुपचूप मान वाकवली.

ते आता रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आबा, मान दुखती का?"

"न्हाई रं," मी म्हणालो.

गाडीचा वेग कमी झाला. मग आणखी कमी. एवढं दांडगं इंजिन, पण चर्चमधून परतणारी म्हातारी माणसं आमच्या बरोबरीने चालायला लागली. दगडांवरून चाकं एकेक करून जपून उतरत होती. फेटा आता कुठेच लागत नव्हता.

तेव्हा मी मान वर केली. इंगवल्यांनी आरशात ते पाहिलं, आणि सबंध डोंगर आम्ही तसाच चढलो.