अठरा कोटी वर्षांच्या दगडातले घुसखोर

माझं नुसतं नाव ऐकून कानाझावा शहरातले सायकलचोर सायकली आपणहून परत आणून ठेवायचे. काही तर हवा भरून. मी कुरामोची. पोलीसचौकीतून निवृत्त झालो आणि विद्यापीठाच्या भूगर्भ विभागात पहारेकरी लागलो. वरवर पहारेकरी, आतून गुप्तहेर.

त्या दिवशी मिओरी ही विद्यार्थिनी रडतच बाहेर आली.

"काका, माझा प्रबंध बुडाला! शुक्रवारी द्यायचाय!"

"नीट सांग पोरी. कोणी काय चोरलं?"

"चोरलं नाही, घातलं! दगड ॲसिडनं झिजवला की आतून समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे सांगाडे निघतात. प्रत्येक काळाचे जीव वेगळे, त्यावरून दगडाचं वय ठरतं. माझा दगड अठरा कोटी वर्षांचा. त्यात आज दीड कोटी वर्षांपूर्वीचे जीव निघाले! सर म्हणतात, वय सिद्ध नाही तर पदवी नाही."

"घुसखोरी! किती जण आहेत?"

"हजारो."

"बोटांचे ठसे घ्यायला वेळ लागेल."

पहिला संशय तिच्या शेजारच्या टेबलाशी काम करणाऱ्या तोगाशीवर.

"काल कुठे होतास?"

"इथेच."

"आणि दीड कोटी वर्षांपूर्वी?"

तो बोटांवर मोजायला लागला. गुन्हेगार इथेच फसतात.

पण सरांनी त्याला सोडवलं, म्हणून मी सरांवर संशय घेतला. त्यांनी मलाच खोलीबाहेर काढलं. मग उरला दगड. तो वय चोरत असणार. आमचे साहेबही निवृत्ती जवळ आल्यावर तेच करायचे.

विचारानं भूक लागली. रोजच्यासारखा प्रयोगशाळेच्या खिडकीखाली बसलो, शेगडी पेटवली, सान्मा मासा ठेवला आणि पंख्यानं जोरात वारा घातला. तेवढ्यात आमची बायको फुसाए भाताचा डबा घेऊन आली.

"अहो, शेगडी किती झडतेय! बघा, सगळी भुकटी त्या पोरीच्या खिडकीत जातेय. तिथे काहीतरी वाळत घातलंय तिनं!"

वरून मिओरीचं डोकं बाहेर आलं. "काकू, शेगडी कुठल्या मातीची?"

"आपल्या नोतो किनाऱ्याच्या. दुसरी कुठली असणार?"

पोरगी धावत खाली आली, शेगडी नखानं खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाकडे पळाली. मग अशी किंचाळली, की माझा मासा निखाऱ्यात पडला. अख्खी शेगडीच त्या घुसखोरांची! नोतोची ती माती म्हणजे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या त्याच जीवांचे सांगाडे.

खिडकी बंद करून तिनं उरलेला दगड पुन्हा तपासला. अठरा कोटी! शुक्रवारी प्रबंध गेला. त्यात एक तळटीप आहे: 'बाहेरचे जीव: श्री. कुरामोची यांची शेगडी.' शास्त्रात माझं नाव लागलं, आणखी काय हवं?

फुसाए म्हणाली, "कधीची सांगतेय, शेगडी जुनी झाली. दीड कोटी वर्षं! आता तरी नवी घ्या."

घेतली. मिओरीनं तिचाही कोपरा खरवडून पाहिला. तीही दीड कोटी वर्षांचीच निघाली.

फुसाएला अजून सांगितलेलं नाही.