कृष्णातच्या गाडीची नळी

गाडीला भोक पाडावं लागेल हे ऐकल्याबरोबर कृष्णात गाडीला आडवा उभा राहिला. गाडी नवीकोरी, पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. आणि मंगळवार पेठेतला गॅरेजवाला कामिल हातात ड्रिल घेऊन तिच्या पुढच्या पत्र्याकडे असा बघत होता की कृष्णातला दवाखान्यातली सुई आठवली.

"पावणं, भोक न्हाय पाडलं तर नळी जोडायची कशी?" कामिल म्हणाला. "इंजनाला श्वास लागतोय की. आता ते खालनं हवा घेतंय. खाली पाणी आलं की हवेबरोबर पाणी ओढतंय आणि इंजन जाम! ही नळी टपापर्यंत वर न्हेली की हवा वरनं. पण त्यासाठी आतनं जोडाय नको?"

"नको," कृष्णात म्हणाला. "जोडूच नका. नुसती चिकटवा."

"चिकटवू?"

"दिसण्यापुरती. टेपनं बसंल की!"

कामिलनं ड्रिल खाली ठेवलं. त्याच्या दुकानात लोक नाही नाही त्या मागण्या घेऊन येत. कुणाला म्हशीच्या आवाजाचा हॉर्न हवा असे, कुणाला डिकीत देव्हारा. पण खोटी नळी मागणारा हा पहिलाच.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भीती वाटते तर नळी हवीच कशाला? अहो, भीती होती म्हणून तर हवी होती! कृष्णात विम्याच्या ऑफिसात अपघातांचे दावे तपासायचा. जगात माणसाच्या हातून, पायाखाली आणि डोक्यावर काय काय होऊ शकतं, हे तो रोज सकाळी साडेदहापासून वाचत बसायचा. त्यामुळे तो जिन्याला भ्यायचा, गिझरला भ्यायचा, नारळाच्या झाडाखालून जाताना डोक्यावर डबा धरायचा. मोठी गाडीही त्यानं भीतीपोटीच घेतली होती, चारी बाजूंनी पत्रा जाड म्हणून. तर गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष सयाजी कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "एवढी धिप्पाड गाडी आणि नळी न्हाय? म्हंजी पैलवानाला मिशी न्हाय!" सगळे हसले. कृष्णातला लोकांच्या हसण्याचीही भीती वाटायची. झालं.

"बरं, दुपारनं या," कामिल म्हणाला.

कृष्णात तिथं थांबलाच नाही. ड्रिल सुरू झालं तर आपण चक्कर येऊन पडू, या धास्तीनं तो मिसळ खायला गेला. परत येऊन बघतो तर काळीभोर नळी पत्र्यापासून टपापर्यंत रुबाबात उभी!

"भोक?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"दिसतंय का कुठं?"

कृष्णातनं वाकून, डोळे बारीक करून बघितलं. "न्हाय."

"बॉनेट उघडून दावू?"

"नको, नको!" कृष्णात मागं सरकला. बॉनेट पडून बोटं तुटल्याचा दावा त्यानं गेल्याच आठवड्यात तपासला होता.

कसबा बावड्याच्या खालच्या गल्लीत गाडी शिरली आणि सयाजीनं तिथूनच आरोळी ठोकली. त्याचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा. "आयला! कृष्णात, कारखान्याचं धुराडंच लावून आणलंस की! आता पूर येऊ दे न्हाय तर समुद्र. गाडी पाण्यातनं जाणार म्हण की!"

इथं कृष्णातनं खरं बोलायला हवं होतं. पण कट्ट्यावरची सगळी तोंडं कौतुकानं त्याच्याकडे वळली होती, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं. तो म्हणाला, "व्हय तर."

सयाजीनं तिथल्या तिथं नारळ फोडला. बायकांनी नळीला हळदीकुंकू लावलं, कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी चौकात डिजिटल बोर्ड झळकला. त्यावर कुठल्याशा लग्नातला गॉगल घातलेला कृष्णात, मागं गाडी, खाली खवळलेल्या लाटा आणि वर अक्षरं: 'आला पूर, न्हाय घोर! गल्लीचा वाघ कृष्णातदादा.' वाघानं तो बोर्ड बघितला आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग पाऊस लागला तो थांबेचना. गल्लीचा एक शिरस्ता होता. पंचगंगेचं पाणी चढू लागलं की पुरुषमंडळी बंधाऱ्यावर जाऊन पाणी मोजायची पट्टी बघून यायची, आणि इशारा पातळी आली की एक शब्द न बोलता सगळे गाशा गुंडाळून पाहुण्यांकडे जायचे. पुराशी खेळ नाही, हे बावड्यात कुणी कुणाला शिकवत नाही. पण या खेपेला पुरुषमंडळी बंधाऱ्यावरून आली ती हसत.

"इशारा पातळी ओलांडली," सयाजीनं जाहीर केलं. "पण आपल्याला काय! कृष्णातची गाडी हाय की. पयल्या फेरीला म्हातारी माणसं, दुसऱ्या फेरीला बायका-पोरं, तिसऱ्या फेरीला टीव्ही."

"आणि माझ्या म्हशी?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्या टपावर!"

कट्टा खदाखदा हसला. कृष्णात तेवढा हसला नाही.

"सयाजी, गाडीचं तसं काय खरं न्हाय हं," तो म्हणाला. "आपलं आपण निघालेलं बरं."

"बघा, मोठेपणा न्हाय माणसाला!" सयाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेजारच्या पारूबाई म्हणजे पुराच्या बाबतीत गल्लीचं घड्याळ. आभाळ भरलं की त्यांचं गाठोडं तयार, आणि हातकणंगल्याला लेकीकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत त्या बसलेल्या. या वर्षी त्या दारात चूल पेटवून निवांत भजी तळत होत्या.

"काकी, निघायचं न्हाय?" कृष्णातनं विचारलं.

"कशाला रं? लेकीच्या घरात जावयाचं तोंड बघत बसायचं, त्यापेक्षा तुझ्या फुडच्या शिटावर बसून थाटात जायाचं. ती शीट माझी हं! सयाजीला देऊ नगस."

कृष्णातनं घरात येऊन दार लावलं आणि बायकोपुढं सगळं ओकून टाकलं. निशा आधी पोट धरून हसली. "टेपनं? खरंच टेपनं चिकटवलीया? अहो, लोकांनी तिला हळदीकुंकू लावलंय!" मग एकाएकी तिचं हसू थांबलं. "अहो, पण पारूकाकींनी गाठोडं बांधलं न्हाय. कुणीच बांधलं न्हाय. सगळी गल्ली त्या टेपच्या भरवशावर बसलीया की हो!"

"तेच तर म्हणतोय!"

"मग सांगून टाका."

"मारतील मला."

"आणि न्हाय सांगितलं तर बुडतील ती," निशा म्हणाली. "तुमीच ठरवा कशाला भ्यायचं ते."

कृष्णात दोन्हीला भीत होता. सांगायला म्हणून तो तीनदा बाहेर गेला आणि तिन्ही वेळा भजी खाऊन परत आला. तेवढ्यात बातमी आली, राधानगरी धरणाचं चौथं दार उघडलं. आता ते पाणी खाली यायला कितीसा वेळ! गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर पाणी आलंच होतं. अजून घोट्याएवढंच, चालत जाता येईल असं. कृष्णातला एकदम डोळ्यांपुढं दिसलं. रात्र, पाणी कमरेला, त्याच्या दारात सगळी गल्ली, पुढच्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन पारूबाई, आणि सगळे म्हणताहेत, चला! माराची भीती लहान वाटू लागली. तो धावत चौकात गेला आणि कट्ट्यावर चढला.

"ऐका!" तो ओरडला. आवाज चिरका निघाला. "नळी खोटी हाय! आत जोडल्यालीच न्हाय, कामिलकडनं नुसती टेपनं चिकटवून घेतलीया! गाडी पाण्यातनं जात न्हाय. पाणी राहू दे, मी तिला चिखलात घालत न्हाय! मी भितो! पाण्याला भितो, गाडीला भितो, तुमाला बी भितो! आता रस्ता हाय तवर निघा, पाया पडतो!"

त्याच्या डोक्यावर बोर्डातला वाघ गॉगल लावून हसत होता.

"अरं भामट्या!" सयाजीचा भोंगा वाजला. "नारळ फोडलाय मी त्या नळीपुढं!"

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. कुणी ट्रॅक्टर आणला, कुणी म्हशी सोडल्या, कुणी गॅसची टाकी खांद्यावर घेतली, आणि जाता जाता प्रत्येकानं कृष्णातचा उद्धार केला. बायकांनी कडाकडा बोटं मोडली. पारूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. भज्यांची परात त्यांनी ट्रॅक्टरमध्ये चढवली आणि मागोमाग स्वतः चढल्या. अंधार पडायच्या आत गल्ली रिकामी झाली, आणि सगळे वरच्या शाळेत पोचले. कृष्णातही निशाला घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यातून देवाचं नाव घेत, गाडी शाळेच्या चढावर आणून थांबला. पहाटे खबर आली की गल्लीत खिडक्यांपर्यंत पाणी आहे.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कृष्णात एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. इतक्यात टेम्पोतून खिचडीची पातेली घेऊन कामिल उतरला. पूर आला की मंगळवार पेठेतून जेवण येणारच.

"आलं बघा बोगस काम करणारं!" सयाजी कडाडला. "नळ्या टेपनं चिकटवतंय!"

कामिलच्या हातातला डाव खाली पडला. "बोगस? कोण म्हणतंय बोगस? सयाजीराव, जेवायचं ऱ्हाऊ द्या. ती कॅरीबॅग घ्या आणि नळीच्या तोंडाला घट्ट गुंडाळा. कृष्णातदादा, गाडी चालू करा."

कृष्णातनं गाडी सुरू केली. सयाजीनं पिशवी आवळली. इंजिन दोनदा घुसमटलं, धापा टाकल्यासारखं झालं आणि गप्पकन बंद पडलं. पिशवी काढली, पुन्हा किल्ली फिरवली, तर गाडी झोकात सुरू!

"वरनंच श्वास घेती ती," कामिल म्हणाला. त्यानं खाडकन बॉनेट उघडलं. पत्र्यात सुबक गोल भोक आणि त्यातून पक्की बसवलेली नळी!

कृष्णातला ते भोक बघून भोवळ आली. "अहो, मी पाडू नका म्हणालतो!"

"व्हय. पण आमच्या दुकानातनं खोटी नळी घेऊन गाडी गेली असती तर मी पेठेत तोंड कसं दावलं असतं? तुमी भ्याला असता, म्हणून सांगितलं न्हाय एवढंच."

सगळी माणसं एकदम कृष्णातकडे वळली.

"म्हंजी नळी खरी हुती!" सयाजी म्हणाला. "आमास्नी गाडीत घ्यायला नको म्हणून खोटं बोललास व्हय रं?"

"सीटं खराब होतील म्हणून!" एक म्हणाला.

"अजून प्लॅस्टिक काढलं न्हाय, तवाच वळखायला पायजे हुतं," दुसरा म्हणाला.

जन्मात एकदा कृष्णात जिवाचा धडा करून खरं बोलला होता, आणि तेच खोटं निघालं होतं.

"आता तरी माणुसकी दाव," सयाजी म्हणाला. "मंडळाचा डॉल्बी तिथंच राहिलाय. पाण्यात भिजालाय त्यो. चल, काढ गाडी, घेऊन येऊ. मी हाय की सोबत!"

"चल, चल!" मागून आवाज उठला.

कृष्णातनं सगळ्यांकडे बघितलं. काल एकदा सांगून झालं होतं, त्यामुळे आज तोंडातून शब्द सोपे निघाले. "न्हाय येत," तो म्हणाला. "नळी खरी असली तरी मी भितोयच. ही घ्या किल्ली. तुमी जावा."

त्यानं किल्ली सयाजीच्या हातात ठेवली. सयाजीनं किल्लीकडे बघितलं. मग चढाच्या खाली, जिथं काल रस्ता होता आणि आता लालभडक पाणी झाडांच्या फांद्यांना हेलकावे देत चाललं होतं, तिकडे बघितलं. त्याचा भोंगा एकदम बारीक झाला.

"माझं लायसन तिथंच ऱ्हायलंय घरात," तो म्हणाला आणि किल्ली शेजारच्याला दिली.

शेजारच्याची मान अवघडली होती. त्याच्या पलीकडच्याला नव्या गाडीचे गियर जमत नव्हते. त्याच्यापुढच्यानं आज शनिवार असल्याची आठवण करून दिली. किल्ली अख्ख्या व्हरांड्यातून हातोहात फिरली आणि शेवटी पारूबाईंकडे आली. त्या कशाबशा उठल्या आणि त्यांनी ती कृष्णातच्या मुठीत दाबली.

"ठेव बाबा तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या. "काल तू भ्यालास म्हणून आज आमी हितं बसून तुला शिव्या द्यालोय. ह्या शूरांच्या नादानं ऱ्हायलो असतो तर काय झालं असतं, सांग की रं सयाजी?"

सयाजीनं इकडेतिकडे बघितलं. मग तो कृष्णातला खेटून बसला आणि त्याच्या कानात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटला, "भावा, मला पवायला येत न्हाय. कुणाला सांगू नगस."

पण मूळचाच आवाज तो. सगळ्या शाळेनं ऐकलं. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं कोपऱ्यातून एक जण हळूच म्हणाला, "मला बी न्हाय." मग दुसरा. मग तिसरा. नदीकाठी जन्म काढलेली ती धट्टीकट्टी माणसं खाली माना घालून एकेक करून कबूल होत गेली, आणि कृष्णातला कित्येक दिवसांनी पहिल्यांदा कडकडून भूक लागली. तो पातेल्याजवळ गेला, ताट पुढं केलं आणि कामिलला म्हणाला, "वाढा. जरा जास्तच वाढा."