फटफटीच्या शिंगांवरची इरली

गुरांचे डॉक्टर सबनीस गोठ्यात शिरले की म्हशीकडे बघायच्या आधी स्वतःचा सदरा वर करायचे आणि दोन्ही पंजे उघड्या पोटावर फाटकन ठेवायचे. पोट दचकलं नाही तर म्हणायचे, "पास." दचकलं तर "नापास", आणि मग स्वारी सरळ चुलीपुढे. म्हैस तिकडे कितीही कण्हत असो, नापास हात तिला लावायचा नाही म्हणजे नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखादं व्रत वाटलं. मी मंगळवेढ्याकडचा, चौथीत शाळा सुटलेला. नापास हा शब्द ऐकला की तेव्हाही मी मान खाली घालायचो. आणि इथे एवढा शिकलेला माणूस चारचौघांत स्वतःला नापास करून घेत होता, वर चुलीपुढे बसून मजेत गप्पा मारत होता.

मानपाड्याला नानाशेठांचा तबेला होता, तिथे मी धारा काढायला होतो. दुसरी मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मानपाडा म्हणजे तेव्हा भातखाचरं, थोडी घरं आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. इथे तो आला की मुक्कामालाच. त्या पावसात डोंबिवलीहून डॉक्टर फटफटीवर यायचे. कल्याणच्या लष्करी छावणीतून लढाईनंतर विकायला निघालेली ती फटफटी होती. तिला सगळं होतं, फक्त दया नव्हती. पावसात तिची मूठ धरून कोसभर गेलं की बोटं पांढरी पडायची आणि बटणसुद्धा निघायचं नाही.

मी एकदा भीत भीत विचारलं, "डॉक्टर, हात गार असला तर काय बिघडतं?"

"तू झोपलायस आणि कुणी तुझ्या बगलेत बर्फाचा खडा ठेवला, तर तू त्याला डॉक्टर म्हणशील?"

"नाही."

"मग या बाईंनी का म्हणावं?"

बाई म्हणजे म्हैस. डॉक्टर म्हशींना अहो-जाहो करत आणि माणसांना अरे-तुरे. नानाशेठ एवढा दांडगा माणूस, त्यालाही "अरे नाना, जरा बाजूला हो, बाईंना उजेड येऊ दे." पण म्हणणं खोटं नव्हतं. गार हात लागला की म्हैस अंग चोरते, पान्हा चोरते आणि लाथ मात्र अजिबात चोरत नाही.

हात गरम आणि कोरडे ठेवण्यासाठी त्यांनी काय काय केलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. आधी लोकरी हातमोजे, त्यावर मेणकापडाच्या पिशव्या, मनगटाला सुतळी. पाणी पिशवीत शिरायचं आणि बाहेर यायचं विसरायचं. मग मोज्यात गरम रताळी. खडवलीला एका बैलाला बघायला गेले तेव्हा वाटेतल्या खड्ड्यांनी रताळ्यांचा लगदा झाला. बैलाने डॉक्टरांची बोटं अशी चाटून काढली की तपासणी राहिली बाजूला. मग तव्यावर भाजलेल्या खाडीच्या मिठाची पुरचुंडी. ऊब उत्तम, पण मीठ पाझरलं आणि बोटांना चिरा होत्या त्यात गेलं. त्या दिवशी डॉक्टर फटफटीवर बसून अख्खा रस्ता मोठमोठ्याने स्तोत्रं म्हणत आले असं लोक सांगत. शेवटी मीठ सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये भरून दोन्ही तोंडं बांधली, तेव्हा कुठे जमलं.

शिवाय हातांच्या पाळ्या होत्याच. एका हाताने फटफटी हाकायची, दुसरा काखेत. "एक हात कामावर, एक रजेवर," असं ते म्हणत. तबेल्यापर्यंत येताना ते कुठल्या हाताने रस्ता सोडून शेतात उतरतील याचा नेम नसे.

पण कळस झाला तो इरल्यांचा. इरलं म्हणजे भात लावताना बायका पाठीवर घेतात ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. आमच्या शेजारची बायजाबाय ती विणायची. डॉक्टर तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "बायजे, मला दोन छोटी हवीत. फटफटीच्या मुठींवर बांधायला."

बायजाबायने कामटी खाली ठेवली. "मानसांना इरली पुरत नाय, आन् तुला फटफटीच्या शिंगांना पायजे?"

"शिंगांना नको गं, शिंगं धरतो त्याला पाहिजेत."

"उद्या चाकांना चपला मांगशील," ती म्हणाली, पण तिने विणून दिली. आणि खरंच सांगतो, त्यांचा गुण आला. प्रत्येक मुठीवर एक इरलं, त्याच्या आत मिठाची ट्यूब आणि आतल्या आत डॉक्टरांचा हात, अंड्यातल्या पिल्लासारखा. लांबून पाहिलं तर वाटायचं, दोन बायका वाकून भात लावतायत आणि मधे एक गृहस्थ नुसता बसून त्यांना घेऊन पळतोय. एका म्हाताऱ्याने तर बांधावरून हाक मारली होती, "अरे, पोरींना जरा विसावा दे."

लोक हसायचे. मीही हसलोय. पण त्या पावसात त्या माणसाचे हात तापल्या भाकरीसारखे निघायचे, हे पाहिलं की हसू आपोआप बंद व्हायचं.

त्या आषाढात नानाशेठांच्या सासुरवाडीला, कळव्याला, कुणी वारलं. ते तिकडे गेले आणि तबेला माझ्यावर टाकला. जाताना चंद्रीकडे बोट केलं. चंद्री त्यांची सगळ्यात लाडकी म्हैस, आठवड्याभरात व्यायची होती. म्हणाले, "हिला काही कमीजास्त झालं तर माझी वाट बघू नकोस. गावची गाडी धर." ते थट्टेने म्हणाले की खरंच, ते मला कळलं नाही, म्हणून मी ते खरंच धरलं. माझ्या नोकरीवर घरची चूल होती. गावची गाडी धरून मी आईला तोंड काय दाखवणार होतो?

चंद्री दुसऱ्याच दिवशी सकाळी कळा देऊ लागली. रेडकाचा एकच पाय बाहेर दिसत होता. दुसरा दिसेना, तोंड दिसेना. सकाळचं दूध घेऊन डोंबिवलीला निघालेल्या सायकलवाल्या रघूच्या मी अक्षरशः पाया पडलो. "आधी डॉक्टरांना सांग, मग दूध घाल." पाऊस असा होता की समोरचा पेंढ्याचा ढीगही दिसत नव्हता. वाटेवरचा ओढा भरलेला. मी देवाचं नाव घेत होतो आणि अधूनमधून कपड्यांची पिशवी कुठे ठेवलीय ते आठवत होतो.

डॉक्टर आले ते दुपार व्हायच्या सुमारास, फटफटी ढकलत. ओढ्यात वाऱ्याने एक इरलं उडवून नेलं होतं, आतल्या ट्यूबसकट. उजव्या मुठीवरचं. त्यांनी सदरा वर केला. डावा हात ठेवला. "पास." उजवा ठेवला आणि पोट हातभर आत गेलं. "नापास. सपशेल नापास. चूल पेटव."

चूल पेटेना. लाकडं भिजलेली, गोवऱ्या भिजलेल्या, काड्यापेटी चोळून चोळून तिची दारू गेली. चंद्री आडवी पडून कण्हत होती. डॉक्टर काखेत हात घालून येरझारा घालत होते. "डाव्याने मला आत रस्ता सापडत नाही रे. आणि हा बर्फ आत घातला तर बाई गच्च आवळून घेतील. मग दोघंही जातील."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी शेजारच्या गंगी म्हशीखाली बसलो, तिला चुचकारलं आणि म्हणालो, "डॉक्टर, हात इथे धरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नानाचं दूध आहे."

"हो."

"मातीत जाईल सगळं."

"जाऊ दे. धरा ना."

गंगीची धार त्यांच्या तळहातावर पडली, बोटांवर पडली, मनगटावरून खाली गेली. वाफ येत होती. मी दोन्ही मुठींनी धारा सोडत होतो आणि ते पंजा उलटा-सुलटा करत होते, देवाच्या मूर्तीला अभिषेक करताना भटजी करतात तसे. पायाखाली पांढरा ओहोळ झाला. (नानाशेठांना मी पुढे सगळं सांगितलं. त्यांनी चंद्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुधाचा हिशोब मागितला नाही.) बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी हात पोटावर ठेवला. पोट हललं नाही.

मग त्यांनी साबण लावला, तेल लावलं आणि चिखलात पालथे पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. "बाई, अंग सैल सोडा. घाई नाही. सापडलं बघा नाक. हा पाय आपला. थांबा, आता कळ द्या." असं ते तिच्याशी बोलत होते, आणि चंद्री, जी मलाही शिंग दाखवायची, ती ऐकत होती. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. दिवस कलता कलता शेवटी रेडकू बाहेर आलं. पारडी होती, काळी, लिबलिबीत आणि जिवंत. शिंकली. चंद्रीने मान वळवली आणि तिला चाटायला घेतलं.

डॉक्टर भिंतीला टेकून बसले. कळांनी दाबून दाबून त्यांचा हात निळा पडला होता आणि बोटं वाकडीच राहिली होती. मी मूठभर पेंढा घेतला आणि पारडीला पुसतात तसा त्यांचा हात पुसला. मग तेल घेऊन माझ्या हातांनी चोळायला लागलो. एकेक बोट, मग तळवा, मग मनगट.

"हलतायत का बोटं?" मी विचारलं.

"हलतायत." पण त्यांनी हात काढून घेतला नाही. म्हणाले, "आमच्या आळीत संक्रांतीला मला तिळगूळ देतात ना, तो वरून टाकतात. लांबून. म्हशीत घालतो तो हात, म्हणून. चूक नाही त्यांची. मी किती धुतो ते त्यांना कुठे दिसतं." मग पारडीकडे बघत राहिले. "आई गेल्यापासून या हाताला दुसरा हात लागला नव्हता. तुला घाई आहे का?"

घाई होती. संध्याकाळच्या धारा राहिल्या होत्या, म्हशी हंबरत होत्या. रघू सायकलला रिकामे कॅन अडकवून दारात येऊन उभा राहिला होता. "मारुत्या, दूध कुठाय? उशीर झाला तर गिऱ्हाईक माझं डोकं खाईल."

उशीर म्हटलं की मी एरवी धावत सुटायचो. तरी मी तेलाची वाटी पुन्हा पुढे ओढली.

"थांब जरा," मी म्हणालो. "डॉक्टरांचा हात अजून गार आहे."

हात गार नव्हता.