वच्छलासिस्टरांच्या बरण्या

रिसोडला बदलून आलो त्याच आठवड्यात शेजारच्या वच्छलासिस्टरांनी माझ्या हातातली चप्पल हिसकावून घेतली. परसातल्या पानकोबीवरची एक अळी मी चिरडणार होतो.

"मारू नका भाऊ! थे गरवार हाये."

सिस्टर म्हणजे रिटायर नर्स. सारा जन्म खेड्यापाड्यांत बाळंतपणं करण्यात गेला. आता नवरा नाही, मुलगा पुण्यात. म्हणून त्यांनी पेशंट बदलले. त्यांच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या, तोंडाला मलमलीचं फडकं, आत कोबीच्या पानांवर अळ्या. चिलटाएवढी एक गांधीलमाशी असते. ती अळीला टोचून तिच्या अंगात अंडी घालते, आणि पिल्लं आतच वाढतात. सिस्टर रोज सकाळी चष्मा लावून राउंड घ्यायच्या. "हिचं अंग भरलं. हिले आता हलवू नका." गल्लीत कुणी मोठ्यानं टीव्ही लावला की खिडकीतून ओरडायच्या, "आवाज कमी करा, वॉर्डात बाळंतीण हाये!"

मी एकदा समजवायला गेलो. "अहो सिस्टर, ती तिची लेकरं नाहीतच. माशीनं फसवलंय तिला. ती पिल्लं तिला आतून खातायत."

"मंग? लेकरं आणिक काय करतात?"

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "भाऊ, या लवकर! सुरू झालं!"

गल्लीतल्या बायाही आल्या. अळीच्या कातडीतून इवली पांढुरकी पिल्लं वळवळत बाहेर पडत होती आणि लगेच स्वतःभोवती रेशीम गुंडाळत होती. "ईऽ!" "अवो माय!" मोबाइलवर फोटो निघाले. सगळ्या त्या कोशांवरच वाकल्या होत्या. मग जिला तिला आपापली कामं आठवली आणि घर रिकामं झालं.

सिस्टर मात्र अळीकडे पाहत होत्या. ती मेली नव्हती. सुरकुतलेली, पोकळ झालेली, ती त्या कोशांवर आपलंच रेशीम पसरत होती. फडकं जरा हललं तरी डोकं उचलून झटकत होती. सिस्टरांनी एक कोवळं पान तिच्या तोंडाशी सरकवलं.

"आता खाणार नाही ती," मी म्हणालो.

"मालूम हाये. सगळे लेकराले पायतात भाऊ. माही ड्युटी आईजवळ."

"तुमच्या बाळंतपणात तुमच्याजवळ कोण होतं?" मी सहज विचारून गेलो.

सिस्टर हसल्या. "सासू लेकरू घेऊन बाहीर गेली. बाहीर पेढे वाटून राह्यले होते, मले ऐकू ये. मी वरचे पत्रे पायत पडली होती. लय तहान लागली होती. पन आवाज कोनाले देऊ?"

त्या उठल्या. "च्या मांडते. तवरिक तुमी बसा तिच्याजवळ."

मी खुर्ची ओढून बसलो. आतून कपांचा आवाज आला, मग तोही थांबला. बराच वेळ सिस्टर आल्या नाहीत. मी उठून आत गेलो. चहा उतू गेला होता आणि सिस्टर ओट्याला टेकून, पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी गॅस बंद केला आणि तिथंच पाटावर बसलो.